बाहेरगावची नातवंडं

आमच्या यांचं पुणे फार लहान आहे. एका बाजूने ते मुठेच्या पात्रापाशी संपतं आणि दुसऱ्या बाजूने नागझरीच्या नाल्यापाशी. त्यापलीकडे माणसं राहतात, रस्ते आहेत, दिवे लागतात, हे ते नाकारत नाहीत. पण त्याला कोणी पुणे म्हणालं की यांची भुवई वर जाते. मी सगळी नोकरी शाळेत भूगोल शिकवण्यात घालवली आणि घरी येऊन हा भूगोल ऐकला. एकदा नकाशा काढून दाखवला, तर म्हणाले, "ज्यांना रस्ते माहीत नसतात त्यांच्यासाठी नकाशे असतात." त्यानंतर मी नकाशा काढला नाही.

यांचं नाव अनंत ठोसर. जन्म नारायण पेठेतला, लग्न तिथलंच, आणि आता तिथल्याच एका नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही दोघं राहतो. नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, हिशेब खात्यात. म्हणजे यांच्या म्हणण्याप्रमाणे यांनी अख्खी नोकरी परगावी केली. रोज सकाळी डबा घेऊन सायकलवर परगावी जायचे आणि संध्याकाळी चहाला घरी यायचे. निवृत्तीच्या समारंभात भाषणात म्हणाले, "आता उरलेलं आयुष्य पुण्यात काढायची इच्छा आहे." खडकीच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, ठोसर विनोद करताहेत.

केदार आमचा एकुलता एक मुलगा. तो आणि सूनबाई अस्मिता दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, दोघांची ऑफिसं खराडीला. दोन मुलं झाल्यावर पेठेतून रोज तिकडे ये-जा करून दोघंही मेटाकुटीला आली, म्हणून तिथेच मोठा फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला हे आले, घर हिंडून न बघताच हॉलमध्ये बसले, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "जागा छान आहे. पुण्यात मिळाली असती तर आणखी बरं झालं असतं."

सगळे हसले. केदारही हसला. पण मी त्याची आई आहे. तो कधी हसतो आणि कधी दात दाखवतो हे मला कळतं.

त्यानंतर हे खराडीला जायचे ते वाढदिवसापुरते. बरोबर घरचं पाणी, घरचा डबा, छत्री. हॉलमधल्या एकाच खुर्चीत बसायचे आणि उन्हं कलली की उठायचे. "राहा ना आजचा दिवस," असं अस्मिता दर वेळी म्हणायची. हे दर वेळी म्हणायचे, "परगावी मुक्काम करायचा तर काहीतरी काम लागतं." एक रात्र म्हणून राहिले नाहीत. मग हळूहळू मुलंही आमच्याकडे राहीनाशी झाली. सकाळी यायची, संध्याकाळी जायची. असं कोणी ठरवलं नव्हतं. ठरवलं असतं तर मोडता तरी आलं असतं.

मोठी नात ऋचा, तिसरीतली. धाकटा सोनू, बालवाडीतला. ती दारात आली की हे विचारायचे, "काय मंडळी, प्रवास कसा झाला? आमच्या गावचं पाणी मानवतंय ना?" मोठी माणसं हसायची, मुलं नाही. मुलांना आजोबांनी सांगितलं की ते खरं असतं. ऋचाने शाळेत सांगितलं, की आम्ही खराडीला राहतो आणि सुट्टीत कधीकधी पुण्याला जातो. तिच्या बाईंनी अस्मिताला फोन करून विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?

यंदाच्या मे महिन्यात त्यांचं कुठेतरी थंड हवेच्या ठिकाणी जायचं ठरत होतं. ऐनवेळी अस्मिताच्या ऑफिसात काहीतरी निघालं आणि रजा कापून शनिवार-रविवारला जोडून एकच दिवस उरला. एवढ्यात कुठे जाणार? तर ऋचा म्हणाली, "आपण पुण्याला जाऊ. ते जवळचं गाव आहे."

केदारचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होते. फोन स्पीकरवर होता, कारण यांना तो कानाला लावणं आवडत नाही.

"बाबा, आम्ही पुण्याला येतोय. सुट्टीला. तुमच्या मागच्याच रस्त्यावर हॉटेल बुक केलंय."

"हॉटेल," हे म्हणाले.

"मुलांना हवंय. गच्चीवर पूल आहे म्हणे. आणि तुम्हीच सांगता ना, खराडी म्हणजे बाहेरगाव. बाहेरगावची माणसं हॉटेलातच उतरतात."

केदार आमचाच मुलगा आहे. पेठेत वाढलाय. यांच्याकडून दुसरं काही नाही तरी जीभ उचललीये.

आता इथे फक्त एक वाक्य म्हणायचं होतं. "हॉटेल कशाला, घरी या." मी खुणा करत होते, हात हलवत होते, शेवटी ओठ हलवून दाखवले. हे माझ्याकडे बघत फोनला म्हणाले, "छान. मे महिन्यात पर्यटक कमीच येतात इकडे. गावाला बरं वाटेल."

 मला नातवंडं एक रात्र तरी माझ्या घरात झोपायला हवी होती. आंघोळ घालून, तेल लावून, आमरस खाऊन, पंख्याखाली आडवीतिडवी पडलेली. एवढंच मागणं होतं आणि त्यात काही लपवण्यासारखं नव्हतं.

यांचंही तेच मागणं होतं, याची मला पूर्ण कल्पना आहे. कारण दुसऱ्या दिवशी हे न बोलता कामाला लागले. कूलर पुसून त्यात नवा वाळा भरला. हापूसची पेटी आणली आणि आढी लावली. माळ्यावरच्या गाद्या उतरवून गच्चीत उन्हात टाकल्या. मी विचारलं, "या गाद्या कोणासाठी?" तर म्हणाले, "गाद्यांना ऊन लागतं अधूनमधून." आमच्याकडे कामाला येणाऱ्या इंदुबाई म्हणाल्या, "लहान गाद्यांनाच बरं लागतं ऊन." हे गाद्या उलटायला वर गेले.

शनिवारी दुपारी त्यांच्या यायच्या सुमारास यांना अचानक कोपऱ्यावरच्या दुकानातून आंबावडी आणायची आठवण झाली. दुकान दुपारचं बंद असतं हे यांना जन्मापासून ठाऊक आहे. मीही काही न विचारता चपला घातल्या. अशा रीतीने आम्ही दोघं योगायोगाने हॉटेलच्या दारात पोचलो.

पूर्वीची ती साधी लॉज. आता काच लावून, कुंड्या ठेवून तिचं हॉटेल झालंय. आत गल्ल्यामागे नागोराव नावाचे मॅनेजर होते, नांदेडकडचे, अगदी अदबीने बोलणारे. केदार, अस्मिता, दोन मुलं आणि चाकांच्या तीन बॅगा समोर उभ्या होत्या. सोनूने कंबरेला फुगवलेली रबरी चकती आधीच चढवली होती. त्याला ती काढायची नव्हती, म्हणून तो खराडीपासून गाडीत तसाच तिरका बसून आला होता.

"साहेब, राग मानू नका," नागोराव केदारचं आधार कार्ड परत देत म्हणाले, "लोकल आयडीला रूम देत नाही आम्ही. मालकांचा नियम आहे."

केदारच्या कार्डावर अजून आमचाच पत्ता होता, नारायण पेठेचा. बदलायचा राहूनच गेला होता. अस्मिताने आपलं कार्ड पुढे केलं. त्यावर खराडी होतं. नागोरावांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"हे पण लोकलच झालं की, मॅडम. खराडी पुण्यातच येते."

मला एकदम हलकं वाटलं. देव इतक्या सरळ मदत करतो असा माझा अनुभव नाही. हॉटेल रूम देत नाही, ऊन मी म्हणतंय, मुलं दमलीत, घर मागच्या रस्त्यावर आहे आणि कूलरमध्ये नवा वाळा आहे. आता यांनी काहीही करायचं नव्हतं. गप्प राहायचं होतं. मी यांचा दंड धरला आणि चिमटा काढला. यांनीही माझ्याकडे बघून मान हलवली. समजलं होतं.

तेवढ्यात ऋचाने वर पाहिलं. तिचे ओठ थरथरत होते. "आजोबा," ती म्हणाली, "तुम्ही सांगा ना यांना. खराडी पुण्यात नाही ना?"

मी चिमटा आणखी घट्ट केला. काही उपयोग झाला नाही. हे पुढे झाले, चष्मा सारखा केला आणि नागोरावांना म्हणाले, "कोणी सांगितलं तुम्हाला, खराडी पुण्यात येते?"

"काका, पिनकोड पुण्याचा आहे."

"पोस्टाने पत्र टाकायचंय का? रूम हवीये. मला एक सांगा, इथून रिक्षावाल्याला खराडी म्हटलं तर तो काय म्हणतो?"

"परतीचं भाडं पडेल म्हणतो."

"परतीचं भाडं कुठे जायला लागतं?"

नागोराव विचारात पडले. "बाहेरगावी," ते हळूच म्हणाले.

"आणि तुम्ही राहता कुठे?"

"वाघोलीला."

"खराडीच्याही पलीकडे. रोज रात्री घरी जाताना पुण्यात राहतोय असं वाटतं तुम्हाला?"

नागोरावांच्या चेहऱ्यावर बराच जुना थकवा आला. त्यांनी मालकांना फोन लावला. मालक निघाले सदाशिव पेठेतले. हे त्यांच्याशी बोलले. पेशवाईतल्या वेशी झाल्या, नागझरी झाली, कुठल्या नाक्यावर जकात घ्यायचे ते झालं. पलीकडून मालक दर वाक्याला "बरोबर, अगदी बरोबर" म्हणत होते. त्यांनाही आयुष्यभर कोणीतरी हे बोलणारं हवं होतं बहुतेक. शेवटी नागोरावांना हुकूम आला, की खराडीची मंडळी बाहेरगावचीच धरावी आणि त्यांना रस्त्याकडची हवेशीर रूम द्यावी.

ऋचाने उडी मारून आजोबांना मिठी मारली. सोनूने चकतीसकट मारायचा प्रयत्न केला आणि तो आपटून मागे गेला. केदारने किल्ली घेतली. "थँक्यू, बाबा," तो म्हणाला. त्याच्या आवाजात काय होतं ते मला नीट कळलं नाही. नागोराव दारापर्यंत पोचवायला आले आणि यांना म्हणाले, "काका, तुम्ही वकील होता का?" हे म्हणाले, "नाही, खडकीला होतो."

आम्ही घरी आलो. कूलर चालू केला. वाळ्याचा सुंदर वास सगळ्या घरात पसरला आणि दोघंच त्या वाऱ्यात बसलो. मी म्हटलं, "जिंकलात."

हे म्हणाले, "तो चुकीचं बोलत होता, श्यामला."

"तुम्हाला मुलं घरी हवी होती की नको?"

"हवी होती."

"मग?"

"मग काय, चुकीचं बोलत होता."

मला इतका संताप आला की मी आढीतले दोन आंबे अर्धे कच्चे असताना चिरले आणि एकटीने खाल्ले.

आमच्या गॅलरीतून त्यांची खिडकी दिसते आणि हॉटेलची बसकी गच्चीही, हे संध्याकाळी कळलं. खिडकीच्या गजाला लहान पोहण्याचे कपडे वाळत होते. गच्चीवरचा पूल म्हणजे हवा भरलेलं निळं घंगाळ होतं. त्यात सोनू बसायचा आणि ऋचा पाय बुडवून उभी राहायची. हे जुनी दुर्बीण काढून बसले. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "घारी फार झाल्यात हल्ली." मग थोड्या वेळाने, "घारीच्या पाठीला क्रीम लावलेलं नाही. जळेल उन्हाने."

रविवारी सकाळी आम्ही सगळे सारसबागेत भेटायचं ठरलं होतं. तिथे गेलो तर ऋचाने नवा नियम काढला. सुट्टीला गेलं की तिथलं कोणी आपल्याला ओळखत नसतं. त्यामुळे आम्हीही ओळखीचे नव्हतो. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "एक्सक्यूज मी, आजी, इथे भेळ कुठे मिळते?"

मी म्हटलं, "अगं, मी तुझी आजी ना?"

"सगळ्या म्हाताऱ्या बायकांना आजीच म्हणतात," ती शांतपणे म्हणाली.

मी यांच्याकडे पाहिलं, की आता तरी हा खेळ मोडा. पण यांनी हात मागे बांधले होते. "नमस्कार," हे सोनूला म्हणाले. "पाहुणे कुठले?"

"खलाडी," सोनू म्हणाला.

"फार लांबून आलात. चला, गाव दाखवतो."

आणि सकाळभर यांनी स्वतःच्या मुलाला, सुनेला आणि नातवंडांना पुणे दाखवलं. तळ्यातला गणपती दाखवला. केदारला म्हणाले, "लहानपणी माझा मुलगा इथे हरवला होता. तासाभराने सापडला तेव्हा माळीकाकांबरोबर शेंगा खात होता."

केदार म्हणाला, "असं? आता कुठे असतो तुमचा मुलगा?"

"बाहेरगावी असतो," हे म्हणाले.

"येतो का कधी?"

"येतो. हॉटेलात उतरतो."

अस्मिताने गॉगल लावला होता, त्यामुळे तिचं काही समजलं नाही. मला मात्र आता हे सहन होईना. पेशवे पार्कच्या छोट्या आगगाडीत बसायची वेळ आली, तेव्हा मी मुद्दाम ऋचाला मांडीवर ओढून घेतलं, तर ती म्हणाली, "आजी, अनोळखी माणसांच्या मांडीवर बसायचं नाही, असं शाळेत सांगितलंय." शाळेत चांगलंच शिकवतात. मी काय बोलणार?

खेळ मोडला तो सोनूने. ऊन वाढल्यावर तो कुठलाही नियम न पाळता यांच्या खांद्यावर चढला आणि रस्त्यातच झोपला. यांनी त्याला तसंच आमच्या कोपऱ्यापर्यंत आणलं. तिथून डावीकडे हॉटेल आणि उजवीकडे आमची इमारत. हे उजवीकडे वळले. दोन पावलं गेले आणि थांबले. सोनूची लाळ यांच्या शर्टाच्या कॉलरवर पसरली होती.

केदार पुढे झाला. "द्या इकडे," म्हणून त्याने सोनूला अलगद उचलून घेतलं.

हे म्हणाले, "झोपलाय. पुन्हा उठेल. आमचं घर जवळ आहे."

"किती जवळ आहे ते मला माहीत आहे, बाबा," केदार म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. "आमचंही फार लांब नाही. घर घेऊन चार वर्षं झाली. तुम्ही एक रात्र राहिला नाहीत. वाढदिवसाला मी ऑफिसातून आलो की तुमची खुर्ची रिकामी असते, तुम्ही निघून गेलेले असता. मी पुण्यात नाही एवढं मला रोज कळतं. पुन्हा पुन्हा सांगायची गरज नाही."

मग तो डावीकडे गेला. अस्मिता त्याच्या मागे गेली. ऋचाने मागे वळून आम्हाला हात केला, ओळखीच्या माणसांना करतात तसा.

त्या दिवशी हे जेवले नाहीत. ऊन लागलं म्हणाले. दुर्बीण टेबलावर होती तिला हात लावला नाही. घारी येऊन गेल्या असतील. मला यांची दया येत होती आणि आनंदही होत होता; इतकी वर्षं जे मी बोलून पाहिलं, रागावून पाहिलं, ते पोराने कोपऱ्यावर उभं राहून चार वाक्यांत सांगितलं होतं.

सोमवारी सकाळी चहा घेताना हे म्हणाले, "बॅग भर."

"कुठे चाललोत?"

"परगावी. सुट्टीला."

मी कप खाली ठेवला. हे उठले, गॅस बंद केला, पाण्याचा कॉक फिरवला, दूधवाल्याला फोन करून दूध बंद ठेवायला सांगितलं. मग स्वतःची उशी पिशवीत भरली, दोघांची आधार कार्डं खिशात टाकली, कारण बाहेरगावी ओळखपत्र लागतं. आढीतले पिकलेले आंबे घेतले. इंदुबाई भांडी घासत होत्या.

"कुठं चाल्लात?"

"खराडीला."

इंदुबाईंनी हात थांबवला. "आवो, पन केदारदादा तर हितं हाटेलात हायेत. ते हितं आन् तुम्ही तिथं. मग भेटायचं कुठं?"

हा प्रश्न सोडवत बसलो असतो तर बस चुकली असती, म्हणून आम्ही निघालो.

वाटेत हॉटेलात गेलो. नागोरावांनी उठून नमस्कार केला. केदार नाश्त्याच्या टेबलावर होता, दाढी वाढलेली, समोर थंड झालेला उपमा.

"तुझ्या घराची किल्ली दे," हे म्हणाले.

"का?"

"आम्ही तिकडे राहायला चाललोय. तुमची खोली आज आहे ना अजून? राहा तुम्ही. आम्हाला काही अडचण नाही."

केदारने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. त्याने खिशातून किल्ली काढली आणि यांच्या हातावर ठेवली. "आमच्याकडे चेक-आउट सकाळी अकराला," तो म्हणाला. पण बोलताना त्याच्या तोंडाचा एक कोपरा हलला.

मनपाच्या स्टँडवरून पीएमटीने खराडीला गेलो. हे खिडकीशी बसले आणि सगळा वेळ बाहेर बघत होते. एरवी येरवडा आलं की हे डोळे मिटतात.

केदारच्या सोसायटीच्या दारावर कोंडीराम नावाचा वॉचमन होता, लोणी काळभोरचा, मोबाइल हातात घेतलेला. आत जायचं तर त्याला सगळं सांगावं लागतं.

"कोनाकडं जायचंय?"

"केदार ठोसर. सी विंग."

"ते घरी न्हाईत. गावाला गेल्यात."

"माहीत आहे. आम्ही त्यांना सांगूनच आलोय."

"घरात कोन न्हाई, मग भेटायचं कोनाला?"

"कोणाला नाही. राहायचंय. मी त्याचा बाप."

कोंडीरामने यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, उशीकडे पाहिलं. उशी पाहिल्यावर त्याला खात्री पटली असावी. मोबाइलवर बोट ठेवून तो म्हणाला, "आलात कुठनं?"

"पुण्याहून."

"पुन्याहून?" कोंडीराम हसला. "काका, हे बी पुनंच हाय की."

मी डोळे मिटून घेतले. आता नागझरी येणार, वेशी येणार, जकात येणार, परतीचं भाडं येणार. भर उन्हात, आंब्याची पिशवी हातात धरून मी वाट पाहत उभी राहिले. यांनी तोंड उघडलेलं मला दिसलं होतं.

"असेल," हे म्हणाले. "लिही, नारायण पेठ."

घर उघडलं. हे पहिल्यांदाच हॉलच्या पुढे गेले. आतल्या बाजूला एक खोली आहे, दोन पलंगांची, खिडकी पूर्वेला. मला ती माहीत होती. अस्मिताने वास्तुशांतीच्याच दिवशी मला हात धरून नेऊन दाखवली होती, लागूनच असलेलं बाथरूमही दाखवलं होतं. यांना मी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर यांनी त्यावरही काहीतरी म्हटलं असतं, आणि ते ऐकायची माझी तयारी नव्हती.

हे हातपाय धुवायला आत गेले. बराच वेळ पाण्याचा आवाज आला नाही. मी दारातून डोकावले. कमोडच्या बाजूला भिंतीत एक स्टीलची दांडी बसवलेली होती, म्हाताऱ्या माणसाला धरून उठायला लावतात तशी. हे तिला धरून नुसते उभे होते. मग बाहेर आले, पलंगावर बसले आणि दुपारभर काही बोलले नाहीत. मी आंबे पाण्यात घातले, वरणाचा कुकर लावला. यांचा हा गप्पपणा नवीन होता आणि मी त्याला धक्का लावला नाही.

उन्हं कलल्यावर माझ्या फोनवर व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर ऋचा होती, ओले केस, मागे हॉटेलचा निळा पडदा.

"आजी, तू कुठे आहेस? तुझ्या मागे आमच्या घरचा पडदा आहे."

"तुमच्याच घरी आहे बाळा. आजोबापण आहेत."

"आजोबा? रात्रीपण राहणार?"

"रात्रीपण."

 मग तिने मागे वळून मोठ्याने विचारलं, "बाबा, आजी-आजोबा आपल्या घरी आहेत. मग आपण इथे काय करतोय?"

 केदारचा चेहरा पडद्यावर आला. यांनी माझ्या हातातून फोन घेतला, उलटा धरला, मी सुलटा करून दिला.

"केदार," हे म्हणाले, "जेवायला या. राहायलाही या. मुलांना घेऊन या."

"बाबा, ते आमचंच घर आहे."

"माहीत आहे. तरी या. आंबे आणलेत."

 "येतो," केदार म्हणाला.

दिवेलागणीला सगळे आले. चाकांच्या तीन बॅगा, रबरी चकती, सगळं. नागोरावांनी खूप समजावलं म्हणे, की रूम सकाळपर्यंत तुमचीच आहे, रागावून चाललात का? ऋचाने त्यांना सांगितलं, की आमच्याकडे पुण्याचे पाहुणे आलेत, आम्हाला जावं लागेल. सोनू आल्या आल्या आमच्या खोलीत शिरला आणि यांच्या उशीवर आडवा झाला.

आमरस झाला, ताटं मांडली. जेवताना हे मध्येच थांबले आणि सुनेकडे वळले. एरवी हे तिच्याशी माझ्यामार्फत बोलतात.

"अस्मिता, आतल्या बाथरूममध्ये ती दांडी कोणी लावली?"

"मीच लावून घेतली, बाबा. घर घेतलं तेव्हाच," ती म्हणाली. "प्लंबर विचारत होता, घरात म्हातारं माणूस कोण आहे? मी म्हटलं, येतील."

 हे वरणभात कालवत राहिले, कालवून झाला होता तरी कालवत राहिले.  मी पाण्याचं भांडं उचललं आणि तसंच खाली ठेवलं.

"चांगली घट्ट बसवली आहे," हे म्हणाले.

यांना मी ओळखते, केदार ओळखतो, आता अस्मिताही ओळखते. वास्तुशांतीसारखं पुढचं वाक्य येईल म्हणून आम्ही तिघंही थांबलो. केदारने तर घास तसाच हातात धरला होता. ते आलं नाही.